जिथे हिरवं, तिथे लाल

१२ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

"इतकं छान जुळतंय, म्हणूनच मला भीती वाटतेय."

हे तू म्हणाली होतीस. एकोणीस वर्षांपूर्वी, सूक्ष्मदर्शकावरचे डोळे न उचलता. मी तुझ्या मागे उभी होते आणि माझ्या हातात दोघींच्या कॉफीचे कप होते.

नमस्कार राहिलाच. नमस्कार. आणि आई ठीक आहे. खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, कारण माझं पत्र म्हणजे आईचं काहीतरी, याखेरीज दुसरं कारण आपल्यात उरलेलं नाही. पण आई ठीक आहे. उजवा हात पहिल्यापेक्षा जास्त ताठतो. सकाळी ब्लाऊजची बटणं लावायला तिला पंधरा मिनिटं लागतात आणि मी पुढे झाले की म्हणते, "थांब गं बाई, तू घाई करशील आणि तोडून ठेवशील." जेवण व्यवस्थित आहे. जिभेची धार तर तुला दर रविवारी फोनवर कळतच असेल. तुझा फोन आला की मी कपडे वाळत घालायला गच्चीत जाते. कपडे नसले तरी जाते.

आमची लॅब नव्या इमारतीत हलते आहे. तुला आठवते ती लांबट खोली, खिडकीशी गंजलेला नळ असलेली, ती आता सामान ठेवायला देणार आहेत. खोकी भरण्याचं काम महिनाभर चाललंय. आपल्या सरांच्या टेबलाच्या खणात तुझी जुनी स्टॉपवॉच निघाली. अजून चालते. पाठवू का?

तुझं चष्म्याचं दुकान कसं चाललंय? आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी तुझ्याकडे आले होते, तेव्हा पाहिलं होतं तुला काम करताना. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना काचा बदलून बदलून विचारत होतीस, "आधीचं स्पष्ट की हे?" आणि ते म्हणत होते, "तुम्ही म्हणाल ते." तू म्हणालीस, "मी म्हणून कसं चालेल काका, दिसतंय तुम्हाला." त्याच दिवशी माझा चष्मा तुटला होता. तू माझ्याकडे न बघता मदतनीस मुलीला सांगितलंस, "यांचे डोळे तू तपास." यांचे. मी ते सोडून दिलं, म्हणजे सोडून दिल्यासारखं केलं.

आता मुद्द्यावर येते.

आईला कंपवाताच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं चाललं आहे. तिनं तुला सांगितलंच असेल, अख्ख्या जगाला सांगते. "माझ्या पोरीनं शोधलेल्यावरून बनवलंय," म्हणून. परवा इस्त्रीवाल्याला सांगत होती. २६ तारखेला ती संमतीच्या कागदावर सही करणार आहे. कशावर सही करतेय हे तिला कळायला हवं, म्हणून मी तिला बसवून समजावलं. कसं समजावलं ते तुला लिहिते, म्हणजे कुठे चुकले ते तू सांगशील. तशी तू सांगायचीसच.

मी म्हटलं, "आई, मेंदूतल्या पेशीला बाहेरून एक पातळ पडदा असतो. भिंतीसारखा घट्ट नाही, तेलाच्या तवंगासारखा. त्यात रिसेप्टर नावाचे बारीक रेणू तरंगत असतात. बाहेरचा निरोप घ्यायचा आणि आत पोचवायचा, हे त्यांचं काम. हातापायांच्या हालचालीच्या भागात दोन महत्त्वाचे. एक 'चल' म्हणणारी, एक 'थांब' म्हणणारी."

"बायका आहेत का दोघी?"

"समज तसं. आजारात 'चल'चा आवाज बारीक होतो. आम्ही असं दाखवलं होतं की या दोघी एकमेकींना चिकटून, जोडीनं राहतात. त्यामुळे 'थांब'चं तोंड दाबलं की 'चल'चं पुन्हा ऐकू येतं. कॉफी थोडंफार तेच करते."

"म्हणजे मी साठ वर्षं औषधच पितेय."

"हे नवं औषध दोन तोंडांचं आहे. दोघी शेजारी बसलेल्या असतील तिथेच ते नीट बसतं. एका तोंडानं हिला धरतं, दुसऱ्यानं तिला."

आई म्हणाली, "शेजारी असल्या म्हणजे एकमेकींचं ऐकतातच कशावरून? तुम्ही दोघी वीस वर्षं एका पलंगावर झोपलात."

मी तिला खरं तर आणखी एक सांगायला हवं होतं. त्या शेजारी नसल्याच, तर त्या औषधाचं एक तोंड मोकळं राहतं आणि दिसेल त्याला धरतं. पोटात ढवळतं, रक्तदाब खाली येतो. आईचा रक्तदाब आधीच कमी आहे. हे मी सांगितलं नाही. उठून दूध बघायला गेले.

परवा मोठा फ्रीजर रिकामा करताना तळाशी एक डबा सापडला. बर्फात रुतलेला. त्यात हिरव्या रंगाची ती मूळ बाटली होती, जिच्यातला रंग मी छोट्या नळ्यांमध्ये वाटून ठेवला होता. आपण प्रयोगात तोच वापरायचो. बाटलीवरचं लेबल वाचलं. मागवलं होतं गाढवात बनवलेलं. आलं होतं शेळीत बनवलेलं.

तुला पुढचं सांगायची गरज नाही. तरी लिहिते, एकदा तरी माझ्या हातानं लिहिलं जावं म्हणून. 'चल'ला नेमकं ओळखून चिकटणारी अँटीबॉडी सशाच्या रक्तात बनवलेली होती, 'थांब'ला चिकटणारी शेळीच्या. हिरवा रंग सशाची म्हणून जी वस्तू दिसेल तिला धरायचा, लाल रंग शेळीची म्हणून जी दिसेल तिला. दोन्ही रंग स्वतः तिसऱ्याच प्राण्यात, म्हणजे गाढवात बनवलेले असायला हवे होते, म्हणजे ते एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत. पण आपला हिरवाच शेळीत बनलेला होता. मग लाल त्यालाच जाऊन धरणार. जिथे हिरवं, तिथे लाल. जिथे दोन्ही, तिथे पिवळा ठिपका. सगळीकडे पिवळे ठिपके, सुंदर, एकही चुकार नाही. आपण म्हटलं, बघा, दोघी कायम जोडीनं राहतात. दोघी कुठे राहतात ते त्या चित्रात नव्हतंच. लाल रंग हिरव्याला भेटत होता, एवढंच.

गाढवाच्या जागी शेळी आली आणि गाढव मी ठरले. हा विनोद मला एकोणीस वर्षं कुणाला सांगता आला नाही.

आई हाक मारतेय. उद्या लिहिते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ताई, काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. वरच्या मजकुरात दोन वाक्यं आहेत, ती एकमेकांशी जुळत नाहीत. तू पहिल्या वाचनातच पकडलं असशील. डबा परवा सापडला असेल, तर विनोद एकोणीस वर्षं कसा साठवला?

'सापडला' खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. तो डबा कुठे आहे, हे मला कायम माहीत होतं. दर वर्षी फ्रीजरचा बर्फ काढायचा, तेव्हा तो मी स्वतः उचलायचे आणि स्वतः परत ठेवायचे.

आता सगळं क्रमानं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही.

तुझा नियम होता, नवं खोकं उघडायचं ते दोघींनी. एकीनं लेबल मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं यादीशी ताडून 'हं' म्हणायचं. लॅबमधले आपल्याला हसायचे. ज्या दिवशी ते खोकं आलं, तेव्हा तू आजारी बाबांजवळ दवाखान्यात होतीस. आठवड्यातले तीन दिवस तुझे आणि तीन माझे ठरले होते, पण माझे तीनही तूच करत होतीस, कारण मला प्रयोग संपवायचा होता. मी खोकं एकटीनं उघडलं. कंपनीनं आत चिठ्ठी टाकली होती, मागवलेला माल संपला असल्यामुळे त्याऐवजी दुसरा पाठवत आहोत. चिठ्ठी मी वाचली नाही. वीस छोट्या नळ्यांत रंग वाटला आणि सवयीनं वीस झाकणांवर 'गाढव' लिहिलं. तू मला घाईबाई म्हणायचीस ते उगीच नाही.

मग तू आलीस. ते पिवळे ठिपके पाहिलेस आणि ते वाक्य म्हणालीस. त्याच आठवड्यात तू पडताळणीसाठी कंट्रोल स्लाइड केलीस, 'थांब'ला चिकटणारा शेळीचा थेंब मुद्दाम न घातलेली. त्या स्लाइडवर लाल दिसायलाच नको होतं. दिसलं. तू सरांना दाखवलंस. सर म्हणाले, "चुकून घातला असशील थेंब." तू म्हणालीस, "मी चुकून काही घालत नाही सर."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी फ्रीजर उघडला आणि मूळ बाटली काढून लेबल वाचलं. मोठ्यानं वाचलं, ताई. तुझ्या नियमाप्रमाणे. 'हं' म्हणायला कुणी नव्हतं.

तीन वाजता मीटिंग होती. तुला ती सबंध आठवत असेल. सरांनी तुझी स्लाइड टेबलावर ठेवली आणि तुला सोडून मला विचारलं, "काय गं, तुझी बहीण हल्ली दमलेली असते का?"

मी म्हटलं, "हो सर. ताईला झोप मिळत नाहीये. चुकलं असेल काहीतरी."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल, मला खरंच तसं वाटतंय. बहीण भोळी आहे, सरांपुढे दबली, असं. इतकी वर्षं तू त्याच गोष्टीसाठी माझ्यावर रागावलेली आहेस, हे मला आईकडून कळतं. तुझा राग कमी पडतोय. त्या वेळी लेबल वाचून मला सहा तास झाले होते.

का, ते विचारशील. मी खूप कारणं जमवली आहेत आणि त्यातलं एकही टिकत नाही. आमचा लेख सरांनी घाईनं मासिकाकडे पाठवूनही टाकला होता. सगळे खुशीत होते. मला वाटलं, सरांना एकट्यात गाठून सांगेन. मग वाटलं, बाबांचं एकदा होऊ दे. मग बाबा गेले, तू लॅब सोडलीस, आणि सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगायचं झालं. दर महिन्याला ते दुसरं ओझं वाढत गेलं. दोन ठिकाणच्या लोकांनी प्रयोग स्वतः करून बघायला आमचा हिरवा रंग मागितला. सर म्हणाले, "पाठव." मी बर्फात बांधून पाठवला. त्यांनाही पिवळे ठिपके दिसले. दिसणारच. मग कुणी मागितला नाही. लोक त्याच्यावर पुढचं बांधत गेले.

मी ठरवलं होतं, सर गेले की सांगेन. सर जाऊन दोन वर्षं झाली.

आज सकाळी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, डाव्या हातानं, कारण उजवा चालत नाही. सगळं ऐकून घेतलं. सोलणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "ती त्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, आई, मी सोडलं. मी काय म्हटलं माहितेय? म्हटलं, धाकटीचं चांगलं चाललंय तर तुझ्या पोटात का दुखतंय."

"मला माहीत नव्हतं तू असं म्हणालीस."

"तुला काय माहीत नव्हतं ते नको सांगूस. तुला काय माहीत होतं, तेवढंच बोल."

शेंगा संपल्या तरी ताटली तशीच मांडीवर.

"म्हणजे औषध खोटं?"

"माहीत नाही आई."

हे मात्र अगदी खरं आहे आणि तुला पत्र लिहायचं कारणही हेच. गेल्या महिन्यात मी सगळा प्रयोग नव्यानं केला. या वेळी गाढव म्हणजे गाढवच. लेबल आमच्या तंत्रज्ञ बाईंनी मोठ्यानं वाचलं, मी 'हं' म्हटलं. त्यांना वाटलं, मॅडमचं वय झालं. चित्रं आली. सगळं पिवळं नव्हतं. बराचसा हिरवा वेगळा, लाल वेगळा, आपापल्या जागी. पण मधूनमधून पिवळं होतं. थोडं. कदाचित त्या दोघी कधी जवळ येतात, कधी लांब जातात. पडदा तेलाचाच तर आहे. कदाचित तेवढं पिवळं कुठल्याही दोन रेणूंच्या गर्दीत दिसेल, त्याला काही अर्थ नाही. हे फक्त मोजून कळतं, कंट्रोलशी ताडून.

मी मोजलं. एकच चित्र, तीनदा. पहिल्यांदा एक्केचाळीस पिवळे. दुसऱ्यांदा, आई चमचा धरताना थरथरली त्या दिवशी, अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा, तुझी स्टॉपवॉच सापडली त्या दिवशी, तेहतीस. ठिपके तेच. माझे डोळे त्यांना हवं ते बघतात. आधीपासूनच बघत आले असणार.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मोजणार कोण?"

मी तिच्या मांडीवरची ताटली उचलली.

"तू नकोस," आई म्हणाली. अगदी सहज, भाजीत मीठ तू घालू नकोस म्हणावं तसं.

आता काय झालंय ते सांगते. मासिकाला पत्र आज सकाळी गेलं, लेख मागे घ्यावा म्हणून. त्यात खोक्याचं, चिठ्ठीचं, लेबल वाचलं त्या सकाळचं, सगळं आहे. त्या स्लाइडवर तुझं काम बरोबर होतं, हे तुझ्या नावानिशी आहे. प्रत सोबत जोडली आहे. चाचणीच्या डॉक्टरांनाही भेटून आले. ते बराच वेळ पेन उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "आमची तयारी फक्त तुमच्या एका लेखावर नाही. पण पाया तुमचाच धरला होता. मला वर कळवावं लागेल." आईचं विचारलं, तर म्हणाले, "नव्या प्रयोगाचे आकडे द्या, २६च्या आत. कुणीतरी तिऱ्हाइतानं मोजलेले." माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तुझ्या उत्तरावर यातलं काहीही अवलंबून नाही, एवढं तुला कळावं म्हणून हे आधी करून मग तुला विचारतेय.

पाकिटात चाळीस चित्रं आहेत. काही खऱ्या प्रयोगाची, काही कंट्रोलची. त्यांच्यावर फक्त क्रमांक आहेत. कोणतं कशाचं, याची यादी तंत्रज्ञ बाईंनी केली आणि पाकीट चिकटवलं. मी पाहिलेली नाही. ते यादीचं पाकीट आईनं चष्म्याच्या डबीत ठेवलंय, आणि डबी उशाखाली. माझ्यावर विश्वास नाही म्हणाली, आणि हसली. थोडंसंच हसली.

तू तिऱ्हाईत नाहीस, हे मला कळतं. खरं तर तुझ्याइतकं यात कुणाचंच काही गेलेलं नाही. एकही ठिपका नाही असं निघालं तर तू जिंकतेस, आणि तरीही पिवळा ठिपका दिसला तर तू तो मोजशील, हे मला माहीत आहे. असं ज्याच्याबद्दल छातीठोक म्हणता येईल, असं दुसरं माणूस मला माहीत नाही. डॉक्टरांना मी तुझं नाव आणि नातं दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "यादी त्यांनी पाहिलेली नसेल तर चालेल."

आईनं बजावलं होतं की, माझ्यासाठी मोज असं तिला लिहू नकोस. आणि आणखी एक म्हणाली, "मोठीनं मोजलं तर त्या आकड्यावर मी सहीचं ठरवीन. हेही लिहू नकोस." मी दोन्ही लिहिलं. लपवायची सवय मोडतेय, कुठेतरी सुरुवात करायला हवी.

लॅबमधून शेवटच्या दिवशी निघताना तू म्हणाली होतीस, "यापुढे तुझ्यासाठी मी एकही काच बघणार नाही." तू शब्द पाळलास. चष्म्याच्या काचेलासुद्धा पाळलास. म्हणून उत्तर काय येणार, ते मला ठाऊक आहे. पाकीट न उघडता परत पाठवलंस तर रागवायचा मला हक्क नाही. क्षमा मागत नाहीये. ती मागण्याइतकी मी अजून जवळ आलेली नाही.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी सुरुवातीपासून मोठ्यानं वाचलं. ऐकायला आई होती. प्रत्येक पानाच्या शेवटी तिनं 'हं' म्हटलं.

नाहीच म्हणशील. तरी विचारते. ताई, ही चाळीस चित्रं मोजशील का?

तुझी
घाईबाई